रा. रा. अपडेटराव, दार वाजवून येत जा

रा. रा. अपडेटराव यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात तुम्ही आमच्या दुकानी येऊन गेलात. आधी कळवलं असतंत तर हातातलं काम उरकून ठेवलं असतं, चहाही टाकला असता. पण पाहुण्यानं कळवून यावं ही आमच्याकडची रीत. तुमच्या घराण्यात तसा रिवाज नसावा. असो. राग आता बराचसा ओसरलाय, म्हणून चार ओळी लिहायला बसलोय.

माझी ओळख तुम्हाला नसणार. तुमच्या लेखी मी म्हणजे ‘हे उपकरण’. तर हे उपकरण कराडला एसटी स्टँडच्या मागच्या बोळात, दहा बाय बाराच्या खोलीत डीटीपीचं दुकान चालवतं. एक असेंबल केलेला संगणक, एक जुना लेझर प्रिंटर, एक कटर आणि लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचे चार अल्बम. बारशाचं आमंत्रण, लग्नपत्रिका, गणेश मंडळाची पावतीपुस्तकं, दशक्रियेचं कार्ड. पाळण्यापासून तेराव्यापर्यंत माणसाला जे जे छापावं लागतं ते आमच्याकडे जुळवून मिळतं. एकवीस वर्षांत या खोलीत तीन संगणक झाले. प्रिंटर मात्र दुसराच आहे. तो काही केल्या मरत नाही, आणि तुमचा त्याच्यावर डोळा आहे तो याचसाठी, असं माझं मत.

तुमचा वार ठरलेला असतो हे मला भाच्याकडून कळलं. महिन्याचा दुसरा मंगळवार. ऑक्टोबर २००३ पासून हा नेम चालू आहे म्हणे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा तुम्ही घराबाहेर पडता. इथं तेव्हा रात्रीचे साडेदहा नाहीतर साडेअकरा झालेले असतात. आम्हाला महिन्यात दोन चतुर्थ्या, दोन एकादश्या होत्याच, त्यात ही तुमची मंगळागौर वाढली. फरक एवढाच की एकादशी आम्ही आपखुशीनं धरतो.

बुधवारी दिवसभर मी पत्रिका जुळवत बसलो होतो आणि तुम्ही मागच्या दारानं पोत्यापोत्यानं सामान आत टाकत होतात. नेट रखडत होतं. मला वाटलं नेटवाल्याची करणी. त्याला फोन लावून चार शब्द सुनावले. त्यानं ऐकून घेतले बिचाऱ्यानं. त्याची माफी नंतर तुमच्या वतीनं मीच मागितली, हे तुमच्या खात्यावर लिहून ठेवा.

रात्री साडेआठला संगणक बंद करायला गेलो. बटणावर एक नारिंगी ठिपका, आणि खाली पर्याय दोनच: ‘अपडेट करून बंद करा’ किंवा ‘अपडेट करून पुन्हा सुरू करा’. नुसतं ‘बंद करा’ कुठं गेलं होतं, देव जाणे. पूर्वी सावकार असं विचारायचा म्हणतात: व्याज आत्ता देता की मुद्दलात धरू? घरी आमटी निवत होती. मी पहिल्यावर टिचकी मारली आणि शटर ओढलं. चूक माझी. कबूल.

गुरुवारी सकाळी दहाला नाना आले. नाना म्हणजे मलकापूरकडचे, पोरीचं लग्न काढलेलं. प्रूफ बघायचं, दोन नावं वाढवायची आणि संध्याकाळी बटर काढून स्क्रीनवाल्याकडे द्यायचं, असं ठरलेलं. तुम्हाला बटर म्हणजे काय ते ठाऊक नसेल. बटर पेपर. त्याच्यावर लेझरनं काळंभोर छापायचं, त्यावरून स्क्रीन बनते आणि स्क्रीनवरून पत्रिका. तर नानांना खुर्ची दिली, संगणकाचं बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर गोल गोल फिरणारे ठिपके आणि खाली अक्षरं: अपडेटवर काम चालू आहे, २७ टक्के, संगणक बंद करू नका.

नानांनी चष्मा लावून ते वाचलं. “कोण काम करतंय?”

“तो स्वतःच करतोय.”

“मग तुमी काय करताय?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही दोघं पाऊण तास त्या २७ टक्क्यांकडे बघत बसलो. मध्येच वीज गेली आणि यूपीएस टिटवीसारखा ओरडायला लागला. ‘बंद करू नका’ हे तुमचं फर्मान मी पाळत होतो. वीजवाल्यांना ते कोणी कळवायचं? सात-आठ मिनिटांत यूपीएसनं मान टाकली. वीज आल्यावर संगणक सुरू झाला, फिरला, विझला. पुन्हा सुरू झाला, फिरला, विझला. तिसऱ्या खेपेला निळा पडदा आला आणि त्यावर रडका चेहरा. तुमच्या संगणकाला अडचण आली आहे, असं त्यात लिहिलं होतं.

अपडेटराव, माझं शिक्षण बेताचं, पण एकवीस वर्षं लोकांची वाक्यं जुळवून व्याकरणाची थोडी जाण आलीय. अडचण ‘आली’? आपल्या पायांनी? पाऊस येतो, ताप येतो, पाहुणे येतात. ही अडचण कुणीतरी आणली होती. पण तुमच्या एकाही वाक्यात कर्ता नसतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. ‘काही बदल करण्यात येत आहेत.’ ‘बदल पूर्ण करता आले नाहीत.’ ‘काहीतरी चुकलं.’ सरकारी परिपत्रक लिहिणारा माणूससुद्धा खाली सही करतो हो! आणि त्यातल्या त्यात जरा आपुलकीनं बोललात तर काय बोलता? ‘तुमच्या सगळ्या फाइली जिथे होत्या तिथेच आहेत.’ रात्री घरात शिरलेल्यानं जाताना चिठ्ठी ठेवावी, ‘दागिने कपाटातच आहेत, बघून घ्या’, अशातली गत. माणूस आधी कपाटाकडेच धावतो.

भाच्याला फोन लावला. तो विद्यानगरला शिकायला आहे, संगणकातलं त्याला कळतं. त्यानं लक्षणं ऐकली आणि म्हणाला, “मामा, ड्रायव्हर गेलाय.”

फोन स्पीकरवर होता. नाना लगेच सरसावले. “आवो मग एवढं काय? दुसरा बघा. आमच्या गावात तीन पोरं लायसन काढून बसल्यात.”

नानांना समजावून सांगताना मलाच तुमची गोष्ट नीट कळली, म्हणून इथं लिहितो. संगणकाला प्रिंटरची भाषा येत नाही. स्क्रीनची येत नाही, कीबोर्डचीही येत नाही. प्रत्येकासाठी मध्ये एक दुभाषा ठेवलेला असतो, तो ड्रायव्हर. आणि हा दुभाषा ओसरीवर बसत नाही. बऱ्याच ड्रायव्हरांना थेट देवघरापर्यंत मुभा असते, यंत्राच्या अगदी गाभ्यात. पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम कोलमडला तर एकटा कोलमडतो, बाकी घर चालू राहतं. गाभ्यातला ड्रायव्हर अडखळला तर समई कलंडते, आणि मग यंत्र स्वतःच सगळं बंद करून निळा पडदा ओढून घेतं. जास्त नासाडी नको म्हणून. तुम्ही केलंत काय, तर रात्रीतून देवघरातले दुभाषे बदललेत. जुना प्रिंटरवाला, जुना स्क्रीनवाला काढून आपल्या ओळखीचे बसवलेत. त्यांना आमच्या यंत्रांची बोली येते का, हे विचारायला तुम्हाला सवड झाली नसावी.

नाना म्हणाले, “म्हंजे सोसायटीत सेक्रेटरी बदलल्यावानी.”

बरोबर तसंच.

दुपारी भाचा आला. त्यानं जे केलं ते बघून मी हादरलो. बटण दाबून धरलं आणि चालू होणारा संगणक मध्येच मारला. एकदा, दोनदा, तीनदा. म्हणाला, लागोपाठ असं झालं की यंत्र स्वतःहून दुरुस्तीच्या पडद्यावर येतं. आलं. म्हणजे सकाळभर ‘बंद करू नका’ म्हणून हात जोडून बसलो होतो, आणि तुमच्या दुरुस्तीची वाट मात्र तीनदा जबरदस्तीनं बंद करूनच सापडते! पंढरीच्या वाटेवर निदान पाट्या तरी असतात.

त्या पडद्यावर पहिलं औषध ‘स्टार्टअप रिपेअर’. त्यानं दहा मिनिटं विचार केला आणि दुरुस्त करता आलं नाही म्हणून कळवलं. दुसरं ‘सिस्टिम रिस्टोअर’, म्हणजे कालच्या स्थितीला परत जा. त्यासाठी कालचा बिंदू साठवून ठेवलेला लागतो. तो साठवायची सोय आमच्या यंत्रावर बंदच होती, आणि मी कधी तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. तिसरं, शेवटचा अपडेट काढून टाका. इथं तुम्ही मेहेरबानी केलीत, बऱ्यापैकी निघालात. संगणक उठला. पण उठला तो कसा! स्क्रीनवाला दुभाषा जाताना सोबत नेलात, त्यामुळे सगळी चित्रं भाकरीएवढी. खिडकी उघडली तर ‘ठीक आहे’चं बटण पडद्याच्या खाली, टेबलावर कुठंतरी. आवाज नाही. प्रिंटर दिसत होता, पण फिकट, आणि त्याच्या शेजारी त्याचाच जुळा भाऊ, ‘कॉपी १’.

भाच्यानं डिव्हाइस मॅनेजर उघडला. ती यादी एकदा डोळे भरून पाहा, तुमचीच करणी आहे. ओळीनं पिवळे त्रिकोण आणि आत उद्गारचिन्हं. आमच्या पत्रिकेत ‘यायचं हं!’च्या पुढे एक टाकतो आम्ही, तुम्ही चार टाकलीत. स्क्रीनच्या ओळीवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’, म्हणजे जुन्याला परत बोलवा, असं बटण होतं. ते फिकट पडलेलं, दाबलं तर दबत नव्हतं. जुना ड्रायव्हर तुम्ही ठेवलाच नव्हता, बोलवणार कुणाला? मग ‘ड्रायव्हर अपडेट करा’ दाबलं. थोडा वेळ शोध घेतल्यासारखं करून उत्तर आलं: या उपकरणासाठी सर्वांत उत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे.

अपडेटराव, खरं सांगतो, त्या वाक्याला मी मनापासून हसलो. पेशंट स्ट्रेचरवर आडवा आणि डॉक्टर म्हणतो, तब्येत उत्तम आहे!

स्क्रीनचं काम फार लांबलं नाही. ग्राफिक्सची चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून भाच्यानं आपल्या मोबाइलवर ड्रायव्हर उतरवून आणला, आधीचा मुळापासून उपटून टाकला, नवा बसवला. भाकऱ्यांच्या पुन्हा पुऱ्या झाल्या. प्रिंटरची गंमत अशी की त्याची वायर जुन्याच भोकात होती, पण तुम्ही भोकाचा नंबर बदलला होतात. काम एकाला पाठवलं जात होतं, प्रिंटर दुसऱ्या नंबरवर बसून होता. छपाईच्या रांगेत संगणक उठल्यापासून मी पाठवलेली अकरा कामं अडकली होती. स्पूलर नावाची सेवा थांबवली, रांगेचा फोल्डर झाडून काढला, सेवा पुन्हा सुरू केली, पोर्टचा नंबर जुळवला, जुळ्या भावाला निरोप दिला. चाचणीचं पान खडखडत बाहेर आलं तेव्हा नानांनी टाळी वाजवली. जाता जाता भाच्यानं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद केलं. ते चालू असलं की बंद केलेला संगणक खराखुरा बंद होतच नाही, गाभ्यातला पसारा डिस्कवर बांधून ठेवतो आणि सकाळी तोच पुन्हा मांडतो. मला ही नवी माहिती होती. इतकी वर्षं मी संगणक बंद करत होतो आणि तो डुलकी काढत होता.

मग मी पत्रिकेची फाइल उघडली.

‘चि. सौ. कां.’च्या जागी एक महिरपी कंस, दोन-चार इंग्रजी अक्षरं, एक डॉलरची खूण. त्याखाली ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या जागी टक्के, चांदण्या आणि कंस. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हे आमच्या पोरीचं नाव?”

इथं खरा घाव बसला. आमचे मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या काळातले. त्यांच्या फाइलीत मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षरांवर आणि खुणांवर मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट आहे तोवर नवरी, फॉन्ट गेला की डॉलर. आणि ते फॉन्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला कुलूप असतं, डोंगल. अंगठ्याएवढं प्लास्टिकचं बोंडूक, यूएसबीत खुपसून ठेवायचं, त्यात एक हिरवा दिवा. त्याचाही एक ड्रायव्हर. दिवा विझला होता. यादीत डोंगलच्या ओळीवर लिहिलेलं होतं: कोड ५२. अर्थ काय, तर या ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची खातरजमा होत नाही. काल संध्याकाळपर्यंत होत होती, किंवा तुम्ही काणाडोळा करत होतात. रात्रीतून तुम्ही सह्या तपासणारे तलाठी झालात.

तुम्ही म्हणाल, मग युनिकोडमध्ये टाइप करा की. केलं. आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअरही त्याच वयाचं. त्याला जोडाक्षर जोडता येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या डोक्यावरून उडी मारून मागे जाऊन बसते. ‘विश्वनाथ’चे असे तुकडे पडले की वराच्या बापानं ते बघितलं असतं तर सोयरीक मोडली असती. नवं सॉफ्टवेअर घ्यावं तर त्याला नवा संगणक हवा, नव्या संगणकाला नवा प्रिंटर, आणि एका पत्रिकेच्या जुळवणीचे मला मिळतात चारशे रुपये.

मग सुरू झाली खिडक्यांची वारी. डोंगलवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, आमच्या मालात दोष नाही, तुमच्या संगणकात काहीतरी बदल झालाय, तिकडे विचारा. तिकडच्या मदत केंद्रात एका यंत्रानं माझ्याशी इंग्रजीत गप्पा मारल्या आणि सांगितलं, ड्रायव्हर ज्याचा त्याला विचारा. संगणक जोडून देणारा म्हणाला, वॉरंटी संपली. चार नंबरच्या खिडकीवरून सहा नंबर, सहावरून पुन्हा चार, आणि पाच नंबरवर ‘जेवणाची सुट्टी’. प्रत्येकाचं बोलणं नम्र, आणि कर्ता एकाच्याही वाक्यात नाही.

शेवटी भाच्यानं रात्री एक युक्ती काढली. दुरुस्तीच्या पडद्यात ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ म्हणून जागा आहे, तिथं सातवा आकडा दाबला की सह्या तपासायचं काम थांबतं. दाबला. हिरवा दिवा लागला. डॉलरची पुन्हा नवरी झाली. पण ही सवलत एका वेळेपुरती. संगणक बंद झाला की संपली. म्हणून मी तीन दिवस संगणक बंद केला नाही. शेजाऱ्याकडून दुसरा यूपीएस मागून आणला, वायरला कुणाचा पाय लागू नये म्हणून समोर स्टूल ठेवलं आणि रात्री दुकानातच सतरंजी टाकली. नवजात बाळ राखावं तसं ते यंत्र राखलं. नानांचं बटर शुक्रवारी पहाटे निघालं. नाना हसत होते, मी नाही.

आता जरा तुमच्या कुळाबद्दल. तुम्ही एकटेच असे आहात असं वाटून मी खजील झालो होतो, तुमच्यापेक्षा मोठमोठे होऊन गेलेत हे कळल्यावर बरं वाटलं. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीनं भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी फाइल जगभर पाठवली. त्यांचा ड्रायव्हर देवघरातलाच. फाइल सांगत होती एकविसावा रकाना तपास, आणि ड्रायव्हरच्या हाती माल वीसच रकान्यांचा. तो एकविसावा शोधायला गेला आणि कोसळला. आमच्या धंद्यात रकाना चुकला तर गिऱ्हाईक शिव्या देतं. तिथं अंदाजे ८५ लाख संगणक आडवे झाले. ७८ मिनिटांत त्यांनी फाइल मागे घेतली म्हणे. उपयोग काय? जे उठतच नव्हते त्यांच्यापर्यंत ती माघार पोचणार कशी? एकेका यंत्रापाशी माणूस गेला, सेफ मोडमध्ये उठवून २९१ क्रमांकाची ती फाइल हातानं पुसली. ज्यांच्या डिस्कला कुलूप होतं त्यांनी त्याआधी ४८ आकड्यांची किल्ली टाइप केली. त्या दिवशी आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास पेनानं लिहून दिले. मला तेवढंच समाधान, हस्ताक्षराचा धंदा एक दिवस चालला.

आणि तुमच्यातला एक तर थेट आमच्या न्हावाशेव्यापर्यंत आला होता. २७ जून २०१७. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा विषाणू सुटला. लोकांनी इमानदारीनं अपडेट घेतला आणि विष घरात आलं. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीत शिरला, आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या मंडळींचं टर्मिनल ठप्प झालं. हजारो सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक त्यांना नव्यानं उभे करावे लागले. सगळ्या जाळ्याची कुंडली ज्या यंत्रांत असते त्यांतलं एकच जगात शाबूत सापडलं, घाना देशात, कारण नेमकी त्या वेळी तिथं वीज गेली होती! हे वाचल्यापासून भारनियमनाला मी पूर्वीसारख्या शिव्या देत नाही.

तुमची बाजूही मला ठाऊक आहे, उगाच कांगावा करत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूनं जगभरचे संगणक ओलीस धरले, तेव्हा तो ज्या भोकातून शिरला त्याचं ठिगळ मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ‘नंतर आठवण करा’ म्हणून टोलवलं तेच जास्त करून सापडले. तेव्हा तुम्ही येऊच नका असं मी म्हणत नाही. कडी-कोयंडा दुरुस्त करायला सुतार हवाच. पण सुतारानं कडी बसवावी. बसवता बसवता चूल उचलून माळ्यावर ठेवू नये. आमच्या घरच्या कडीची दुरुस्ती आणि आमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर यांचा संबंध काय, हे तुम्ही मला आजवर सांगितलेलं नाही. दोन्ही एकाच पोत्यात का घालता?

आणखी एक. जाताना नाव सांगत जा. ‘आम्ही हा ड्रायव्हर काढला, तुमचा डोंगल त्यामुळे चालणार नाही, जुना हवा असेल तर या जागी ठेवला आहे.’ एवढं लिहायला किती जागा लागते हे मी धंद्यानं सांगतो: बारा पॉइंटात तीन ओळी. मराठीत जुळवून हव्या असतील तर फुकट करून देईन.

डोंगलचं पुढं काय झालं, याची तुम्हाला उत्सुकता नसेल, तरी सांगतो. वाचणाऱ्या एखाद्या डीटीपीवाल्याच्या कामी येईल. रविवारी भाच्यानं यादीतल्या त्या पिवळ्या ओळीवर उजवी टिचकी मारून ‘तपशील’ उघडला. तिथं हार्डवेअर आयडी म्हणून दोन लहान आकडे असतात, एक बनवणाऱ्याचा, एक वस्तूचा. ते आकडे शोधल्यावर कळलं की आमच्या डोंगलच्या आतलं कुलूप दुसऱ्याच एका कंपनीचं आहे, आणि तिच्या साइटवर नवा, रीतसर सहीचा ड्रायव्हर कधीपासून ठेवलेला आहे. उतरवायला चार मिनिटं लागली. फुकट. चार आणि सहा नंबरच्या खिडकीवरच्या एकालाही हे ठाऊक नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. तो ड्रायव्हर, प्रिंटरचा आणि स्क्रीनचा, असे तिन्ही मी आता एका पेनड्राइव्हवर घेतलेत आणि पेनड्राइव्ह गल्ल्यात, पैशांच्या खाली ठेवलाय. रिस्टोअरची सोयही चालू करून ठेवली. अपडेट काही आठवडे थोपवून धरायचं एक बटण असतं, तेही सापडलं. ते तुम्ही पहिल्या पानावर का लावत नाही, याचा विचार करावा.

नानांच्या मुलीचं लग्न व्यवस्थित पार पडलं. पत्रिकेत एक चूक राहिली, मामाच्या गावाचं नाव. ती माझी होती, रात्रभर जागलो होतो. मी नानांना तसंच सांगितलं: नाना, मी चुकलो. त्यांनी दुसऱ्या मुलीचं कामही माझ्याकडेच आणलंय.

कळावे, लोभ असावा, पण लांबून.

आपलं,
हे उपकरण

ता. क.: हे पत्र टाइप करता करता बटणावर तुमचा नारिंगी ठिपका पुन्हा दिसायला लागलाय. आज बुधवार. धाकटीच्या पत्रिकेचं बटर उद्या सकाळी दहाला द्यायचं आहे. साडेदहानंतर या.